स्क्वॉशमध्ये कुठला फटका कधी मारायचा: कोचसोबत करायचा सराव

नाशिकमध्ये जानेवारीच्या सकाळी कोर्टवर येणारी मुलं ड्रॉपच्या (पुढच्या भिंतीजवळ हळूच टाकलेल्या फटक्याच्या) प्रेमात पडतात. थंडीत दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल उसळतच नाही. टिनच्या (पुढच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला बॉल लागला की पॉइंट जातो) जरा वर लागलेला कसाही ड्रॉप जागेवर मरतो आणि मुलाला वाटतं, आपल्याला पॉइंट काढता यायला लागला. एप्रिलमध्ये तोच ड्रॉप उसळून समोरच्याच्या रॅकेटवर जाऊन बसतो. म्हणून "ड्रॉप टाक, पॉइंट आपलाच" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. कुठला फटका मारायचा हे दोनच गोष्टींवर ठरतं: तुमचे पाय बसलेत का आणि समोरचा कुठे उभा आहे.

आधी बॉल नीट तापवा. मग दहा मिनिटं कोच मागून बोस्ट (आधी बाजूच्या भिंतीला लागून पुढच्या भिंतीकडे जाणारा फटका) मारेल, तुम्ही पुढून सरळ ड्राइव्ह (बाजूच्या भिंतीलगत कोर्टच्या मागच्या भागात खोल जाणारा फटका). इथे डोकं लावायचं नाही.

आता निवड. कोच मागच्या कोपऱ्यातून बोस्ट मारतो आणि कधी तिथेच थांबतो, कधी लगेच टीवर (कोर्टच्या मधोमध रेषा मिळतात तिथे) येतो. थांबला तर सरळ ड्रॉप, टीवर आला तर सरळ खोल ड्राइव्ह. फटक्याआधी मोठ्याने सांगायचं: "मागे" किंवा "टी". मारता मारता दिलेली हाक धरायची नाही.

इथे मी कित्येक महिने अडकलो होतो. बोस्ट भिंतीला लागायच्या आधीच माझा फटका ठरलेला असायचा आणि हाक मी अंदाजाने द्यायचो. कोचना ते कळलं. एक दिवस बोस्ट मारून ते मागच्या कोपऱ्यातच खाली बसले. मी "टी" म्हणून ओरडलो आणि ड्राइव्ह मारला. बॉल त्यांच्या मांडीवर येऊन पडला. त्यानंतर मी बघायला शिकलो. बॉल बाजूच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीकडे जातो, तेवढाच वेळ असतो. पुढे पाऊल टाकतानाच खांद्यावरून एक नजर मागे टाकायची, की पुन्हा डोळे बॉलवर. मागचा मारत असतानाही त्याच्याकडे बघावं लागतं, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय हा सराव मी कुणालाही करू देत नाही.

नजर बसली की कोचला मधूनच एखादा बोस्ट अवघड टाकायला सांगा. धावत जाऊन कसाबसा हात पोहोचला, पाय बसलेच नाहीत, तर कोच कुठेही असो, ड्रॉपही नाही आणि ड्राइव्हही नाही. उंच लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून मागे जाणारा फटका) मारायचा आणि टीवर परत यायचं.

गुण असे द्या: निवड बरोबर आणि बॉल टिनला लागला, तरी पॉइंट. निवड चुकली आणि फटका विनर ठरला, म्हणजे समोरच्याला तो परतवताच आला नाही, तरी शून्य. यावर मी तडजोड करत नाही. गॅलरीतले आई-बाबा विनरवर टाळ्या वाजवतात, त्यांना हा नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल टाळ्यांसाठी खेळायला लागतं. दहापैकी आठ वेळा हाक आणि फटका जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग जोडीदारासोबत 11 पॉइंटची गेम. अट एकच: समोरचा तुमच्या मागे असेल तरच ड्रॉप किंवा बोस्ट, एरवी खोल.

हाच सराव मेमध्ये पुन्हा करा. बॉल उसळत असतो, मागे थांबलेला कोचही ड्रॉपपर्यंत पोहोचतो. त्या दिवसांत मुलांचा सराव घेताना मी आधी मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि दर फेरीला एक पाऊल पुढे येतो. ज्या पावलावरून मुलाचा ड्रॉप मला उचलता येतो, तिथे त्या दिवसापुरतं "मागे" संपतं आणि हाक तिथूनच बदलायची.