नवं मशीन, जुनाच चार्ट: एक्स-रे आणि सीटीचा डोस वाढवणाऱ्या या चुका टाळा

तालुक्याच्या गावीही आता एक्स-रेची कॅसेट जाऊन डीआर (डिजिटल एक्स-रे) पॅनेल येऊ लागलंय, आणि लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या सीटी सेंटरच्या पाटीवर ‘लो डोस’ (कमी किरणं) रंगवलेलं दिसतं. पाटी रंगवून डोस कमी होत नाही. मशीनमध्ये बचतीची सोय असते, ती सेटिंगमध्ये उतरवावी लागते. नाही उतरवली, तर पेशंटला पूर्वीइतकाच, कधी पूर्वीपेक्षा जास्तच डोस बसतो.

भिंतीवरचा एमएएस चार्ट तसाच ठेवणं

एमएएस म्हणजे ट्यूबमधून सोडलेल्या किरणांचं प्रमाण, आणि कोणत्या भागाला ते किती द्यायचं हे चार्टवर असतं. फिल्मवर एक्स्पोजर (पडलेली किरणं) जास्त झालं की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच दिसायची. डीआरचं सॉफ्टवेअर उजेड-अंधार स्वतःच जुळवून घेतं. एक्स्पोजर कमी पडलं तर चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टरांचा फोन येतो. जास्त झालं तर चित्र उलट गुळगुळीत येतं, मग तक्रार कोण करणार? त्यामुळे रिपीट (फोटो पुन्हा काढणं) टाळायला एमएएस लावणारा हात हळूहळू वरच सरकत जातो.

इमेजच्या कोपऱ्यातला डेव्हिएशन इंडेक्स (एक्स्पोजर ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त, ते सांगणारा आकडा) बघायची सवय लावा. 0 म्हणजे बरोबर, +3 म्हणजे ठरल्याच्या दुप्पट, −3 म्हणजे निम्मं. चेस्टला रोज +3 येत असेल तर केव्ही (किरणांचा जोर) न हलवता एमएएस निम्मा करा. पण त्याआधी इंजिनिअरकडून त्या भागाचं टार्गेट (ठरलेलं एक्स्पोजर) नीट भरलंय ना, हे बघून घ्या. बकीत (पॅनेल बसवायच्या चौकटीत) एईसी, म्हणजे पुरेसे किरण मिळाले की ते आपोआप थांबवणारी सोय, असेल तर पॅनेल बदलल्यावर ते पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावंच लागतं. तसं केलं नाही तर ते कॅसेटच्याच हिशोबाने किरण थांबवतं.

कोलिमेटर (किरणांचा झोत आवळणारी झडप) मोकळा सोडून नंतर माऊसने कडा कापणं हीही रोजचीच गोष्ट. इमेज नीटनेटकी दिसते, पण छातीच्या फोटोत बाळाचं सगळं पोट किरणांखाली येऊन गेलेलं असतं.

गॅन्ट्रीत (सीटीच्या गोल कड्यात) पेशंट मधोमध नसणं

सीटीतली सगळ्यात महाग चूक हीच, आणि मशीन जितकं नवं तितकी ती जास्त नडते. ऑटोमॅटिक एमए (किरणांचं प्रमाण आपोआप ठरवणारी सोय) स्काउटवरून (स्कॅनआधीच्या साध्या फोटोवरून) पेशंटची जाडी ठरवतं. स्काउटच्या वेळी ट्यूब वर असेल आणि टेबल उंच राहिलं, तर पेशंट ट्यूबजवळ जातो, मोठा दिसतो आणि मशीन एमए चढवतं. टेबल खाली राहिलं तर तोच पेशंट बारीक दिसतो, एमए कमी पडतो, चित्रात दाणे येतात आणि शेवटी रिपीट करावं लागतं.

म्हणून बाजूचा लेझर पोटाच्या जाडीच्या मधोमध आणा. स्काउट घेतल्यावर उंची बदलली तर स्काउट पुन्हा घ्या, त्याचा डोस फारच थोडा असतो. ॲक्सिडेंटचा पेशंट गोधडीसकट टेबलावर येतो, तेव्हा गोधडीची जाडी धरून उंची लावली जाते. ती काढता येत नसेल तर लेझर अंगावर लावा, गोधडीवर नको. कमरेचा चांदीचा करदोडा सोडवायला सांगा. हात डोक्यावर घ्यायला लावा. हात अंगालगत राहिले तर हाडांपायी एमए वाढतो, शिवाय चित्रात पट्टे उठतात.

इटरेटिव्ह चालू, एमए तेवढाच

इटरेटिव्ह किंवा एआय रिकन्स्ट्रक्शन (कॉम्प्युटरने चित्र घडवायची नवी पद्धत) फक्त दाणे कमी करतं. नॉइज इंडेक्स किंवा रेफरन्स एमएएस (किती दाणे चालतील किंवा किती किरणं द्यायची, हे मशीनला सांगणारं सेटिंग) बदलला नाही तर चित्र सुंदर दिसतं, डोस मात्र होता तिथेच राहतो. एमएएस 10 ते 15 टक्क्यांच्या पायरीने खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर रेडिओलॉजिस्टना काही केसेस दाखवा. रिकन्स्ट्रक्शनची सगळ्यात वरची स्ट्रेंग्थ सरसकट लावू नका. चित्र मेणासारखं दिसतं आणि लिव्हरमधली बारीक गाठ त्यात हरवते.

मुतखड्याला मात्र जोरदार स्ट्रेंग्थ चालते, कारण खडा आजूबाजूच्या मांसापेक्षा कितीतरी पांढरा दिसतो. आपल्याकडे उन्हाळा लागला की कंबर धरून येणारे वाढतात, त्यामुळे सुरुवात केयूबी (किडनी ते मूत्राशय) प्रोटोकॉलपासून (ठरलेल्या सेटिंगपासून) केलेली बरी. फक्त प्लेन (कॉन्ट्रास्ट इंजेक्शनशिवाय) स्कॅन घ्या, किडनीच्या वरच्या टोकापासून प्युबिक सिम्फिसिसपर्यंत (ओटीपोटाखालच्या हाडाच्या सांध्यापर्यंत). डायफ्रामपासून (छाती-पोटामधल्या पडद्यापासून) मांडीपर्यंत ओढू नका. डोस रिपोर्टवरचा डीएलपी (पूर्ण स्कॅनच्या किरणांचा आकडा) मोठ्या माणसाच्या पोटासाठी 0.015 ने गुणा, म्हणजे डोस अंदाजे मिलिसिव्हर्टमध्ये मिळतो: 600 ला 9 मिलिसिव्हर्ट, 200 ला 3. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी 2.4 मिळतात. लो डोस केयूबी 3 च्या आसपास बसायला हवा. बीएमआय 30 च्या वर असेल तर डोस फार खाली ताणू नका, खडा निसटेल. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी सोनोग्राफीच.

लहान मुलांना मोठ्यांचं बटण

80 किंवा 100 केव्हीचा वेगळा प्रोटोकॉल ठेवा. स्क्रीनवरचा सीटीडीआय (मशीन दाखवतं तो डोसचा आकडा) 32 सेंमी फँटमचा (मोजणीच्या प्लास्टिकच्या नमुन्याचा) आहे की 16 चा, तेही वाचा. बाळाच्या पोटाला 32 चा आकडा लागला असेल तर खरा डोस त्याच्या दुप्पट किंवा जास्त असू शकतो. एईसी चालू असताना शिशाचा तुकडा किरणांच्या वाटेत ठेवला तर मशीन आणखी किरण सोडतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एएपीएमने, 2019 मध्येच जननेंद्रियांवर सरसकट शील्ड (शिशाचं आवरण) ठेवणं थांबवा असं सांगितलं.

जुनी सीडी न मागणं

बीड-परभणीहून आलेल्या पेशंटच्या पिशवीत बहुतेक वेळा आधीच्या स्कॅनची सीडी असते, फक्त ती कोणी मागत नाही आणि स्कॅन विनाकारण पुन्हा होतो. फिल्मचा व्हॉट्सॲपवरचा फोटो पुरत नाही, त्यात विंडो (चित्राचा उजेड-अंधार) बदलता येत नाही. सीडीत डायकॉम (मूळ स्कॅनच्या) फाइल आहेत का हे काउंटरवरच उघडून बघा, पावती फाडायच्या आधी.