एअर इंडिया खासगी, फाइल मात्र सरकारी: विमानांच्या देखभालीची माहिती आरटीआयने कशी मागावी

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली आणि माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर पडली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनी आता घटनेच्या कलम १२ मधली ‘राज्यसंस्था’ राहिलेली नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे कंपनीच्या नावाने आरटीआय अर्ज करण्यात अर्थ नाही. पण विमान उडवायचं तर कंपनीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, कागद दाखवावेच लागतात. आरटीआय कायद्याच्या कलम २(एफ) प्रमाणे सरकारी कार्यालय इतर कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकतं, तीही ‘माहिती’च्या व्याख्येत येते. अर्जाचा सगळा भार या एका कलमावर असतो, म्हणून त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा.

कुणाला विचारायचं

देखभालीची जबाबदारी दोन ठिकाणी वाटलेली असते. कोणतं काम कधी करायचं, कोणता बिघाड किती दिवस पुढे ढकलता येईल, उत्पादकाच्या देशाकडून आलेले उड्डाणयोग्यता आदेश वेळेत पाळले का, हे बघतो विमान कंपनीचा स्वतःचा विभाग. हँगरमधले लोक त्याला ‘कॅमो’ म्हणतात. प्रत्यक्ष पाना हातात घेणारी संस्था वेगळी असू शकते. तिला डीजीसीएची सीएआर-१४५ मान्यता लागते आणि काम झाल्यावर विमान सेवेत सोडल्याच्या दाखल्यावर, म्हणजे सीआरएसवर, तिथल्या परवानाधारक इंजिनिअरची सही असते. काम बाहेर दिलं म्हणून विमान कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

इथे एक गंमत आहे. एअर इंडिया विकली गेली, पण तिची जुनी अभियांत्रिकी कंपनी, एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड, त्या व्यवहारात नव्हती. ती सरकारच्या एआय अ‍ॅसेट्स होल्डिंगकडे राहिली. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारून दिलेलं देखभाल केंद्रही तिच्याकडेच आलं. कंपनी सरकारी असेपर्यंत तिला थेट अर्ज करता येतो. तिच्या विक्रीचा विषय मात्र अधूनमधून निघत असतो, तेव्हा अर्जाच्या दिवशी मालकी कुणाची आहे ते तपासून घ्या. नियामकाने काय तपासलं हे हवं असेल तर डीजीसीए. हँगरला मान्यता कशाची होती आणि लेखापरीक्षणात काय निघालं हे हवं असेल तर डीजीसीए आणि ही कंपनी, दोघांना स्वतंत्र अर्ज.

अर्जाआधी

फुकट मिळणारं आधी बघून घ्या. डीजीसीएच्या मासिक वाहतूक अहवालात कंपनीनिहाय रद्द उड्डाणं आणि त्यांची कारणं असतात. तांत्रिक कारणांचा वाटा तिथे दिसतो. तांत्रिक बिघाडांचे कंपनीनिहाय आकडे संसदेतल्या प्रश्नोत्तरांत सापडतात. हे आकडे नुसते एकमेकांशेजारी मांडू नका. ज्या कंपनीची उड्डाणं जास्त, तिचे बिघाडही जास्त दिसणारच.

प्रश्न कसा लिहायचा

बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘एअर इंडियाची देखभाल ढासळली आहे का? त्याबद्दल डीजीसीएने काय केलं?’ असं विचारलं की ‘मत मागता येत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलं आहे की कार्यालयाने जे आहे ते द्यायचं. नवी माहिती तयार करून किंवा अर्थ लावून द्यायची नाही. म्हणून कागदाचं नाव, विषय आणि कालावधी, तिन्ही लिहा. उदाहरणार्थ:

‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात मे. एअर इंडिया लि. च्या कॅमो विभागावर केलेल्या निगराणी तपासण्यांमधील लेव्हल १ आणि लेव्हल २ त्रुटींची यादी, प्रत्येक त्रुटी नोंदवल्याची व बंद केल्याची तारीख, यांच्या प्रती द्याव्यात.’

लेव्हल १ म्हणजे गंभीर, तातडीने दुरुस्त करायची त्रुटी. लेव्हल २ त्याखालची. खरी गोष्ट दोन तारखांमधल्या अंतरात असते, म्हणून ‘बंद केल्याची तारीख’ हे शब्द गाळू नका.

दुसरा उपयोगी विषय म्हणजे पुढे ढकललेले बिघाड. कोणती वस्तू बंद असतानाही विमान उडू शकतं याची मान्य यादी असते, तिला एमईएल म्हणतात. त्यात ‘बी’ गटातला बिघाड ३ दिवसांत, ‘सी’ गटातला १० दिवसांत आणि ‘डी’ गटातला १२० दिवसांत दुरुस्त करावा लागतो; बिघाड नोंदवला तो दिवस यात धरत नाहीत. ‘ए’ गटाची मुदत त्या त्या नोंदीसमोर लिहिलेली असते. सगळ्या ढकललेल्या बिघाडांची यादी मागू नका, ती कंपनीकडे असते. ‘एमईएल मुदतवाढीबाबत डीजीसीएकडे आलेला पत्रव्यवहार आणि त्यावरील निर्णय’ असं मागा.

इंजिनिअर किंवा वैमानिकांची नावं मागू नका. वैयक्तिक माहितीला सूट देणारं कलम ८(१)(जे) पुढे करून अख्खा अर्ज अडकवला जातो, आणि नावांचा उपयोगही नसतो.

पाठवायचा कसा

केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर खातं न उघडताही अर्ज होतो. फी १० रुपये, मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा, त्यापेक्षा लांब असेल तर पीडीएफ जोडायची. दिल्लीच्या कार्यालयासाठी इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. मराठी अर्ज भाषांतराच्या नावाखाली रेंगाळतो. एका अर्जात एकच विषय ठेवा. चार विषय घातले की अर्ज चार विभागांत फिरतो आणि एकच विभाग उत्तर देतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींचे पानाला २ रुपये. कागद जास्त असतील तर प्रतींऐवजी फाइल पाहण्याची मागणी करा: पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये. आत गेल्यावर आधी टिपणीची, म्हणजे अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेल्या शेऱ्यांची, पानं चाळा. पत्रात जे गुळगुळीत असतं ते टिपणीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

नकार आला तर

दोन नकार नेहमीचे. पहिला ८(१)(डी), व्यापारी गुपित. सुट्या भागांचे दर आणि करारातल्या रकमा खरोखर यात बसतात, तेव्हा त्यावर वाद घालू नका. कलम १० खाली तेवढा भाग काळा करून उरलेलं द्या, असं म्हणा. त्रयस्थ म्हणून कंपनीला कलम ११ ची नोटीस गेली तर मुदत ४० दिवसांची होते. कंपनीने हरकत घेतली म्हणजे माहिती अडली असं नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्याचाच.

दुसरा नकार ८(१)(ई), ‘कंपनीने विश्वासाने दिलेली माहिती’. यावर उत्तर आहे जयंतीलाल मिस्त्री खटल्याचं. १६ डिसेंबर २०१५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला सांगितलं की तपासणी करणारा आणि तपासला जाणारा यांच्यात विश्वस्ताचं नातं नसतं. तोच तर्क डीजीसीएला लावा. खासगी बँकांनी पुढे या निकालाला आव्हान दिलं आहे, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. जनहिताचा मुद्दा वेगळा लिहा.

पहिलं अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, फी नाही. त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. तिथे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून पहिल्या अपिलातच नेमके कागद, कलमं आणि निकाल मांडून टाका.

अपघाताची चौकशी चालू असलेल्या विमानाबद्दल विचारत असाल तर तपासाची कागदपत्रं मिळणार नाहीत. तो तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे असतो आणि कॉकपिटमधल्या संभाषणासारख्या नोंदींना संरक्षण असतं. त्याच ताफ्यावर अपघाताआधी झालेल्या निगराणी तपासण्यांचे अहवाल मात्र डीजीसीएच्या नेहमीच्या फायलीत असतात. ते वेगळ्या अर्जाने मागा आणि त्या अर्जात अपघाताचा उल्लेख करू नका.