स्पेक्ट्रमवर कॅसेट लोड होत नाहीये? या चुका टाळा

जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्राम लोड करणारा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, हाती लागला की लोक उत्साहाने दोन-चार कॅसेट लावून बघतात आणि ‘टेप लोडिंग एरर’ आला की टेप गेली म्हणून सरळ फेकून देतात. प्लीज असं करू नका. मामाकडे भारतात बनलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस होता, त्याच्या कॅसेट मीही टाकूनच देणार होतो, पण नंतर त्यातल्या बऱ्याचशा लोड झाल्या, प्रॉब्लेम टेपरेकॉर्डरच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा होता.

आधी छोट्या चुका. लोड हा शब्द एकेक अक्षर टाइप करायचा नसतो, ‘जे’ दाबलं की अख्खा शब्द येतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा (म्हणजे दोन अवतरण चिन्हं) आणि एंटर. प्रोग्रामचं नाव टाकणार असाल तर कॅपिटल-स्मॉलसकट तंतोतंत टाका, नाहीतर मशीन पुढचाच प्रोग्राम शोधत बसतं.

आता खरी गोष्ट, स्क्रीनच्या कडेच्या बॉर्डरकडे बघायला शिका. आधी लाल-आकाशी जाड पट्टे येतात, मग निळे-पिवळे बारीक. पट्टेच येत नसतील तर वायर तपासा किंवा आवाज वाढवा, पाऊण व्हॉल्यूमपासून सुरू करून थोडा थोडा बदलत जा, एकदम फुल्ल करू नका, आवाज फाटतो. पण लाल-आकाशी पट्टे मस्त स्थिर दिसतायत आणि निळे-पिवळे सुरू झाले की एरर येतोय, व्हॉल्यूम बदलूनही तेच, तर बहुतेक वेळा हेडच असतं. कारण सुरुवातीचा सूर असतो साधारण ८०० हर्ट्झचा, डेटातला ‘१’ हजाराच्या आसपास आणि ‘०’ दोन हजाराच्या, आणि हेड घाण किंवा तिरकं असेल तर उंच सूर आधी मरतात, म्हणजे शून्यंच नीट वाचली जात नाहीत. एक बिट जरी चुकला तरी अख्खा ब्लॉक वाया, आणि ४८ के मेमरीचा गेम लोड व्हायला पाचेक मिनिटं लागतात, चौथ्या मिनिटाला एरर आला की काय वाटतं ते मला माहितीये.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. मग टेप चालू ठेवून हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी हळू फिरवा, आवाज सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथे थांबा. स्क्रू ड्रायव्हर चुंबकवाला नको!! प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर रेकॉर्ड झालेली असू शकते, त्यामुळे दुसऱ्या कॅसेटला परत फिरवावा लागेल, वैतागू नका. टेपरेकॉर्डरवर डॉल्बी (टेपची खरखर कमी करायची सोय) असेल तर बंद करा, ते उंच सूर दाबतं.

सेव्ह करताना मात्र इअरची (लोड करताना लागणाऱ्या वायरची) पिन काढून ठेवा, टेपच्या सुरुवातीचा कोरा प्लॅस्टिकचा तुकडा पुढे जाऊ द्या आणि झाल्यावर नीट सेव्ह झालंय का ते तपासणारी व्हेरिफाय कमांड द्याच.

आणि एखादी जुनी कॅसेट एकदाची लोड झालीच तर स्क्रूला हात न लावता लगेच तिचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर वेव्ह फाइलमध्ये घ्या, एमपीथ्री नको.