घोटा आणि नडगीची फ्रॅक्चर्स: पहिल्या वर्षाच्या ऑर्थो रेसिडेंटसाठी

पुण्यात ऑर्थोच्या पहिल्या वर्षाला लागलात, ससूनला असा किंवा शिवाजीनगरच्या खासगी रुग्णालयात, ही फ्रॅक्चर्स सतत समोर येणार. घसरलेल्या दुचाकी आहेतच, पावसाळ्यात सिंहगडाची निसरडी वाटही आहे. ड्रिल हातात कधी मिळेल याची घाई सगळ्यांनाच असते, पण इथे बरंचसं कातडीवर ठरतं. नडगीच्या आतल्या अंगाला हाडावर कातडीखेरीज जवळजवळ काहीच नसतं.

घोटा निखळलाय आणि कातडी ताणून पांढरी पडलीय, तर एक्स-रेसाठी थांबू नका. नाडी आणि बोटांची संवेदना नोंदवा, गुडघा वाकवून पोटरी सैल करा, टाच ओढून सांधा बसवा, स्लॅब (प्लास्टरची अर्धी पट्टी) द्या, नाडी पुन्हा बघा. मग फिल्म. जखम उघडी असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासातच. ओटी (ऑपरेशन थिएटर) कधी मिळेल याच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

मॉर्टिस व्ह्यूला, म्हणजे घोट्याच्या सांध्याची फट सगळीकडून दिसावी म्हणून काढलेल्या एक्स-रेला, पाय 15 ते 20 अंश आत वळवावा लागतो. गर्दीच्या वेळी मॉर्टिसच्या नावाखाली साधा एपीच (समोरून घेतलेला एक्स-रे) हाती येतो, म्हणून लेड एप्रन चढवून पाय स्वतः धरलेला बरा. टॅलस म्हणजे घोट्याच्या खोबणीत बसणारं पावलाचं हाड. त्याच्या आतल्या बाजूची फट 4 मिमीपेक्षा मोठी आणि वरच्या फटीपेक्षाही रुंद असेल, तर टॅलस सरकलाय असं धरा. रॅमसे आणि हॅमिल्टन यांच्या 1976 च्या प्रयोगात टॅलस 1 मिमी बाहेर सरकल्यावर सांध्याचा संपर्क सरासरी 42 टक्क्यांनी घटला होता. आतली फट वाढलेली आणि घोट्याजवळ फिब्युला (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) अखंड दिसतेय, तर गुडघ्यापर्यंतची फिल्म काढा. फ्रॅक्चर वर, फिब्युलाच्या मानेशी सापडतं.

नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये इंजेक्शन देऊनही दुखणं वाढतच असेल आणि बोटं हलक्या हाताने वर ताणल्यावर पेशंट ओरडत असेल, तर स्लॅब आणि पट्ट्या लगेच कापा आणि सीनियरला बोलवा. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त झोपायला जाऊ नका. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, ती बराच वेळ लागत राहते.

सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत चिरा घ्यायचा नाही. पिलॉनला (नडगीच्या खालच्या टोकाचं, सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर) यात 10 ते 14 दिवस सहज जातात, तोवर एक्स्टर्नल फिक्सेटर, म्हणजे हाडाला बाहेरून धरणारी पिना-सळ्यांची चौकट. नातेवाईक ‘ऑपरेशन का लांबवताय’ म्हणतील. त्यांना सुजेने कातडीवर आलेले फोड दाखवा, पटतं.

फिब्युलाची लांबी आधी मिळवा, बाकीचं नंतर. 3.5 मिमीच्या लॅग स्क्रूसाठी (दोन तुकडे आवळून जवळ आणणारा स्क्रू) जवळच्या कॉर्टेक्सला, म्हणजे हाडाच्या कठीण भिंतीला, 3.5 चं भोक, पलीकडच्याला 2.5 चं. दोन्हीकडे 2.5 च मारलं तर स्क्रू दोन्ही तुकड्यांत पकडतो आणि फट जशीच्या तशी राहते. चिरा वरपर्यंत नेत असाल तर सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह (पावलाच्या वरच्या बाजूला संवेदना देणारी नस) जपा. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून साधारण 10 ते 12 सेंमीवर ती फॅशियातून (स्नायूंवरचं आवरण) बाहेर येते. प्लेटचे खालचे स्क्रू एकाच कॉर्टेक्सचे ठेवा, नाहीतर टोक सांध्यात जातं.

मग हुकने फिब्युला ओढून सी-आर्मखाली (ओटीतलं एक्स-रे यंत्र) सिंडेस्मोसिस, म्हणजे घोट्याच्या वर नडगी आणि फिब्युलाला बांधणारा अस्थिबंधांचा जोड, तपासा. उघडत असेल तर स्क्रू सांध्याच्या 2 ते 3 सेंमी वर, सांध्याला समांतर, मागून पुढे 25 ते 30 अंश कलता. दोन्ही हाडं आवळणारा क्लॅम्प तिरका लागला की फिब्युला नडगीच्या खाचेत पुढे-मागे बसते, आणि एपी फिल्म तरीही छान दिसते. त्यामुळे तुलनेसाठी दुसऱ्या पायाचा खरा लॅटरल (अचूक बाजूने घेतलेला एक्स-रे) आधीच काढून ठेवा.

टिबियाच्या (नडगीचं हाड) नेलमध्ये, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायच्या सळईत, सगळा खेळ एंट्रीचा: एपीत लॅटरल स्पाइनच्या (हाडाच्या माथ्यावरचा बाहेरचा उंचवटा) किंचित आत, लॅटरल फिल्मवर सांध्याच्या पुढच्या कडेला. पोकळी नेलपेक्षा 1 ते 1.5 मिमी जास्त रीम करा (कोरून रुंद करा). वरच्या एक-तृतीयांश भागातलं फ्रॅक्चर पुढे आणि व्हॅल्गसमध्ये (खालचा भाग बाहेर कलून) वाकतं, म्हणून तिथे ब्लॉकिंग स्क्रू (नेलची वाट अडवून दिशा देणारा) किंवा सुप्रापटेलर (गुडघ्याच्या वाटीच्या वरून घातलेली) नेल.

डिस्चार्जला ‘वजन देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. 6 आठवडे पाय टेकायचा नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसायचं नाही, असं स्पष्ट सांगा. मधुमेहात संवेदना गेलेली असेल तर हा काळ जवळपास दुप्पट. आणि गाडी कधी चालवू हे पुण्यात हमखास विचारतात: उजवा घोटा असेल तर पूर्ण वजन देऊन चालायला लागल्यावर, ब्रेक जोरात दाबता येतो का ते बघूनच.