शिफ्ट सांभाळून सीएनसी प्रोग्रामिंग कसं शिकावं, तेही सोबत्यांशी न बिनसता

नाशकातल्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर म्हणून लागलेल्या आणि आता सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, व्हायचं मनात असलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मी याच वाटेनं गेलो, पुढं बऱ्याच जणांना या वाटेला लावलं. "आपल्यापुरतं बघ, शिकलेलं कुणाला सांगू नको" असं कुणीतरी कानात सांगेलच. तो सल्ला साफ चुकीचा आहे.

१. एकच धरा. टर्निंग (जॉब फिरतो) तर टर्निंग, मिलिंग (टूल फिरतं) तर मिलिंग.

२. क्लास शिफ्ट बघून लावा. पदवी अर्धवट राहिली असेल तर १९८९ पासून आपल्या नाशकातच मुक्त विद्यापीठ आहे.

३. परीक्षेसाठी शिफ्ट बदलून हवी असेल तर आधी समोरच्याची एक शिफ्ट करून द्या, मग मागा. निफाड-दिंडोरीकडच्या सोबत्याला द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला घरी जावंच लागतं. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला कुणाला त्र्यंबकला जायचं असतं. त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात, तर तुमच्या परीक्षेला तो उभा राहतो.

४. शिकलेलं मशीनवर उतरवणं. खरी अडचण इथं आहे, आणि माझी चूकही इथंच झाली.

प्रोग्राममध्ये टूल (कापणारं हत्यार) जॉबपासून, म्हणजे कापायच्या तुकड्यापासून, लांबूनच फीडवर, म्हणजे जी०१ वर, सावकाश येत होतं. मी ते अंतर जी००वर, म्हणजे पूर्ण वेगात टाकलं आणि जॉबच्या तोंडापाशी जेमतेम एक मिलिमीटर सोडलं. जॉबमागे अकरा सेकंद वाचले. आपल्या नावावर दाखवायचं म्हणून कुणाला बोललो नाही, चार्ज देतानाही नाही. रात्रपाळीत नवा लॉट लागला, त्याला तोंडाकडून मटेरियल जास्त होतं. टूल पूर्ण वेगात जॉबवर आदळलं. इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचे, तुकडे झाले, ते धरणारा होल्डर वाकला. खुलासा लिहून द्यावा लागला तो रात्रपाळीच्या सोबत्याला. मी सकाळी कबूल केलं, तरी महिनाभर तो माझ्यासोबत चहाला आला नाही.

म्हणून आता मी कुणालाही हेच करायला लावतो. जुना प्रोग्राम वेगळ्या नंबरानं जपून ठेवा. बदल आधी सेटरला दाखवा. लॉगबुकमध्ये ओळ नंबर, जुना आकडा, नवा आकडा लिहा. पहिला जॉब रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा सोबती, शेजारी उभा असतानाच, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड, म्हणजे जी००चा वेग, कमी ठेवून काढा. घाई असली तरी ही दहा मिनिटं सोडू नका. बस पकडायची असेल तर बदल उद्या करा.

रिलीव्हरला नुसतं "बदललंय" सांगून भागत नाही. का बदललं ते सांगा आणि त्याला विचारू द्या. पुढच्या वेळी मी त्याच सोबत्याला असंच समजावलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मटेरियल जास्त आलं तर?" क्लासमध्ये हे मला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तीन मिलिमीटर सोडले, वाचणारे सेकंद थोडे घटले, आणि सुपरवायझरकडे कागद दोघांच्या नावानं गेला. नाव वाटल्यानं तुमचं कमी होतं ही भीती काढून टाका.

५. सेटरची जागा निघाली की अर्ज करा. तुमच्या मशीनवर कोण बसेल, त्याचं नाव सोबत द्या. तोवर तो तयार झालेला असला पाहिजे.