मका: नकाशात गाव कोरे म्हणजे गावात कीड नाही, असे नव्हे

अमेरिकन लष्करी अळी 2018 साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. जालना, संभाजीनगरकडे मका हातचा जातो तो बहुतेक एकाच हयगयीने: उगवणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत झाडे कुणी मोजतच नाही.

ही अळी कुठे येऊ शकते, याचा जोखमीचा नकाशा बनवताना संगणक कीड सापडलेल्या ठिकाणांचे तापमान, पाऊस, ओलावा घेतो आणि तसे हवामान आणखी कुठे आहे ते रंगवतो. त्यातला एक किलोमीटरचा चौकोनसुद्धा सुमारे 250 एकरांचा. नुसत्या पावसावर काढलेल्या नकाशाला तुमची विहीर, ठिबक ठाऊक नसते. म्हणून हिरवा रंग पाहून झोपू नका, लाल पाहून दुकान गाठू नका. लाल म्हणजे मोजायला लागा, एवढेच.

मोजणी अशी: शेतात पाच जागी सलग 20 झाडे. पानावर पांढरे पापुद्रे, पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) भुश्शासारखी ओली विष्ठा, अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय (Y). शंभरात किती झाडे लागलेली, तो आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) कळवा. शून्य आले तरी कळवा, नाहीतर तुमचे गाव कोरेच राहील. मोबाइलवरचे ठिकाण लिहिताना मराठवाड्यात पहिला आकडा (अक्षांश) 17 ते 21, दुसरा (रेखांश) 74 ते 79 हवा. उलटे लिहिले की शेत थेट युरोपच्या उत्तरेच्या समुद्रात जाते!

पाऊस उघडून चार-पाच दिवस ऊन पडले, की एक दिवसाआड बघा. जोराच्या सरीने पोंग्यातल्या बारीक अळ्या मरतात, उघडिपीत वाढतात, असा शेतातला अंदाज आहे.

– कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी 5
– ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, याच अळीचे. तंबाखूवरील अळीचे चालत नाही, दुकानात तेच हातात पडते
– अंडीपुंज चुरडणे
– सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क

लहान पिकात शंभरात पाचाच्या वर झाडे लागली तर इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4 ग्रॅम किंवा स्पिनेटोरम 11.7 एससी 5 मिली, 10 लिटर पाण्यात, संध्याकाळी, नोझल पोंग्यावर धरून. दोन्ही एकत्र नको. दुकानदार सोबत टॉनिकची बाटली घ्यायला सांगतील, ती तिथेच ठेवा. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक फवारणी करू नका. अळी मोठी होऊन पोंग्यात विष्ठेचा बोळा बसला की औषध खाली उतरत नाही. तेव्हा फवारा म्हणजे पैसे पाण्यात.