'मेटल बॉक्स' कसा ऐकावा

'पब्लिक इमेज लिमिटेड' या ब्रिटिश रॉक बँडचा नोव्हेंबर १९७९ मध्ये आलेला 'मेटल बॉक्स' हा अल्बम पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण गायक जॉन लायडनच्या आवाजामागे जातात आणि तिथेच अडखळतात, कारण त्या आवाजाला सुरात राहण्याची फारशी पर्वा नाही. म्हणून सुरुवात खालून करावी आणि जाह वॉबलचा बेस (खर्जातली गिटार) आधी कानात मुरू द्यावा. त्यासाठी मोबाइलचा स्पीकर कुचकामी आहे. खर्ज नीट पेलणारे हेडफोन किंवा मोठे स्पीकरच हवेत. मूळ आवृत्तीत जेमतेम तासाभराचे संगीत ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तीन १२ इंची तबकड्यांवर पसरले होते, त्यामुळे रुंद खाचांत हा खर्ज मावू शकला. (त्या तबकड्या पत्र्याच्या गोल डब्यात इतक्या घट्ट बसत, की बाहेर काढताना ओरखडे पडत.) एका बाजूवर साधारण दहाच मिनिटे असत, आजही तेवढेच ऐकून थांबावे.

सुरुवातीला 'पॉपटोन्स' हे गाणे घ्यावे आणि ते लागोपाठ तीनदा ऐकावे. पहिल्या खेपेस फक्त बेसकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या खेपेस कीथ लेव्हीनची गिटार ऐकावी: तीच स्वरावली गरगर फिरत राहते, झांजांचा झिरझिर आवाज तिच्यावर पसरतो, आणि गिटार व बेस यांच्यामधला स्वरांचा पट्टा जवळजवळ रिकामा राहतो. या अल्बमचे वातावरण त्या रिकामेपणात आहे. वाद्ये कमी करून जागा मोकळी ठेवण्याची ही रीत जमैकन डबमधून, म्हणजे रेगे गाण्यांतले आवाज वगळून बेस व ढोल पुढे आणणाऱ्या संगीतातून आली. तिसऱ्या खेपेस शब्द ऐकावेत. मोटारीतून रानात नेलेल्या माणसाचे ते कथन आहे आणि मोटारीत पॉप गाण्यांची कॅसेट वाजते आहे. हे कळल्यावर मघाचीच गोड गिटार अंगावर येते.

त्यानंतर 'करीअरिंग'मधला घरंगळणारा सिंथेसायझर ऐकावा. 'स्वान लेक'मध्ये लायडन आईच्या मरणाबद्दल गातो आणि लेव्हीन गिटारवर रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या याच नावाच्या बॅलेची धून वाजवतो. हा संदर्भ ठाऊक असल्याशिवाय ते गाणे निव्वळ आरडाओरडा वाटण्याची शक्यता आहे. पहिली बाजू एकट्याने व्यापणारे, दहा मिनिटांहून लांब 'अल्बट्रॉस' मात्र शेवटी ठेवावे: बेसची एकच चाल इतका वेळ न कंटाळता ऐकण्याची सवय तोवर झालेली असते.